कोपऱ्यातली तारीख

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर भाजलेल्या शेंगा फोडल्या आणि एक हिरवी पट्टी बघत बसलो.

पट्टी कॉम्प्युटरच्या पडद्यावर होती. डावीकडून निघायची, उजवीकडे सरकायची. बायको खुर्चीवर, मी शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर. वैशाखातली दुपार, चार वाजलेले. कूलरमध्ये पाणी ओतून ओतून माझा पायजमा ओला झाला होता. मी शेंग फोडायचो आणि दाणे तिच्या डाव्या तळहातावर ठेवायचो. उजवा हात माऊसवर होता. तो हात चार वर्षांपासून थरथरत होता. वाटी धरली की वाटी वाजायची.

एरवी त्या स्टुलावर गुरुजी बसायचे. त्या दिवशी ते डोळे दाखवायला नंदुरबारला गेले होते, म्हणून मला बोलावणं आलं. हे मला तेव्हाही कळत होतं.

"आयकतस का," ती म्हणाली, "आज जाई असं वाटस."

"कथा जाई?"

"पार. त्या टोकले."

पट्टी टोकाजवळ गेली. दोन बोटं उरली. मग थांबली, एक चौकोन उघडला, त्यात इंग्रजीत काहीतरी आलं, आणि पट्टी आली तशी मागे गेली. पार सुरुवातीला. मला आमच्या विहिरीवरची मोट आठवली, वर आलेली भरली मोट सुटून परत खाली जावी तसं.

तिने दाणे तोंडात टाकले. "जाऊ द्या. सकाय देखसूत."

मी उठलो आणि सवयीप्रमाणे भिंतीवरचं बटण बंद केलं.

"करं ना बंद?" ती म्हणाली.

"करं."

एवढंच बोलणं झालं. मग खिचडी खाल्ली, ती झोपली, मी झोपलो. पहाटे नळाला पाणी आलं म्हणून ती उठली. मी उठलो तेव्हा हंडा भरून वाहत होता आणि ती शेजारी बसली होती. बसल्यासारखी होती.

रडणं मी इथे लिहीत नाही. ते ज्याचं त्याला माहीत असतं. मला लिहायचंय ते त्या पट्टीचं आणि माझ्या जळण्याचं. बायको गेली तरी मी जळायचा थांबलो नाही, आणि कोणावर जळत होतो तर चष्म्याला दोरी बांधलेल्या बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्यावर, त्याच गुरुजींवर.

मी चौथीतून शाळा सोडली. बायको सातवी पास. हे लग्नाआधी मला सांगितलं नव्हतं, नाहीतर मी विचार केला असता. कारण पुढे आयुष्यभर एसटीची पाटी वाचायची तर तिने, औषधाची बाटली वाचायची तर तिने. मला आकडे येतात. इंग्रजी आकडेसुद्धा येतात. तोडणीच्या चिठ्ठ्या, काट्याच्या पावत्या, मोबाईलचे नंबर, यांनी शिकवले. पण अक्षरं माझ्यासमोर आली की मुंग्यांच्या रांगेसारखी चालायला लागतात.

तिच्याकडे गाणी होती. आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी मांडतात, तिला नथ घालतात, साडी नेसवतात, भावकीतली सगळी घरं एका घरी जमतात, नैवेद्याचे रोट होतात आणि बायका गाणी म्हणतात. पुरुष ओट्यावर बसतात. आत काय म्हणतात ते अर्धं कळतं, अर्धं हसण्यात बुडतं. आमच्या गल्लीत आधी माझी आई सुरुवात करून द्यायची. नंतर माझी बायको. तिला आईची गाणी येत, माहेरची येत, आणि काही तिने स्वतः जुळवलेली होती.

हात थरथरायला लागल्यावर ती घाबरली. लिहून ठेवावीत तर पेन धरवेना. मुलगा सुरतेला असतो. त्याने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना आम्हाला आणून दिला, जुना कूलर देतात तसा. सहा महिने त्याच्यावर टॉवेल वाळत होते. मग गुरुजींनी तिला सांगितलं, "आक्का, पेन नको. बोट पुरस."

गुरुजी म्हणजे पलीकडच्या गल्लीत राहणारे निवृत्त प्राथमिक शिक्षक. बायको वारलेली, सून-मुलगा नाशिकला. ते तिच्या माहेरच्या गावचे. माहेरच्या गावचा पुरुष म्हणजे भाऊ. ती दरवर्षी त्यांना राखी बांधायची आणि ते मला दाजी म्हणायचे. म्हणजे वाकडं काही नव्हतं. मला कोणी विचारलं असतं तर मीच शपथेवर सांगितलं असतं. तरी ते दारात आले की मी उठून ओट्यावर जायचो. 'आले' असं आता लिहितो. तेव्हा मनात 'आला' म्हणायचो.

दोन हिवाळे ती एका बोटाने बसून टाईप करत होती. एकसष्ट गाणी झाली. मग तो कॉम्प्युटरचा डबा बंद पडला. शहाद्याला दुकानात नेला, त्यांनी तो आतून साफ करून दिला. गाणी राहिली, पण ज्या प्रोग्रामने मराठी अक्षरं उमटायची तो प्रोग्राम पुसला गेला. घरी आणून गाणी उघडली तर अक्षरांच्या जागी ठोकळे. एका ओळीत वीस ठोकळे, खाली पुन्हा वीस. वीटभट्टीवर विटा रचल्यासारखे.

तिने पडद्याला हात लावून पाहिला होता.

"काही नही व्हत आक्का," गुरुजी म्हणाले. "गाणी जागावर शेतस. प्रोग्राम मन्हाजोडे शे. फक्त परत टाकाना."

फक्त परत टाकायचा. त्या 'फक्त'मध्ये दोन महिने गेले. तिने डबा परत दुकानात न्यायला नाही म्हटलं. या वेळी साफ करताना गाणीच झाडली तर? म्हणून जे करायचं ते घरी. रोज चार वाजता गुरुजी यायचे, गळ्यातून पेन ड्राइव्ह काढायचे, ते डब्यात खोचायचे, आणि दोघं कामाला लागायची. मी ओट्यावर बसायचो. खिडकीतून सगळं दिसायचं. मी बाहेर बघतोय असं दाखवायचो.

कधी डब्यातलं जुनं सामान काढून जागा करायचे. कधी चौकीदार म्हणून एक प्रोग्राम बसवलेला होता, त्याला झोपवायचे. कधी डबा बंद करून परत चालू. तिच्या मोबाईलवरून नेट द्यायचे. एकदा म्हणाले, "आक्का, आठे उजवं बटन दाब. इंग्रजीमा 'मालक म्हणून चालवा' असं लिखेल शे, त्यावर दाब. मालकनं सांगं तरच तो आयकस."

मी खिडकीतून ओरडलो, "मालक आठे बठेल शे!"

"मंग या ना आत," ती म्हणाली, "चालवा."

दोघं हसली. मी गेलो नाही.

पट्टी सरकत असायची तेव्हा त्यांना काम नसायचं. मग गावच्या गोष्टी निघायच्या.

"गुरुजी, ती चिंच आठवस का? तुम्ही चढनात अन उतरता उनं नही."

"आठवस ना. तुन्ही मायनी खाले खाट लावी व्हती. म्हने, पड रे बाबा, पड."

"अन तुम्ही पडनातच नही! संध्याकायलोंग वरच!"

ती पदर तोंडात धरून हसायची. मी तिच्यासोबत चाळीस वर्षं कापूस वेचला, केळीच्या बागेत पाणी धरलं, एवढं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. त्या चिंचेखाली मी कधी गेलो नाही. ती चिंच आता नाही म्हणतात. तरी मला त्या चिंचेचा राग यायचा.

चहाचंही सांगतो. गुरुजींच्या चहात अद्रक असायचं, माझ्या चहात नाही. दोन वेगळी पातेली ठेवायची ती. मला अद्रकाने पित्त होतं, म्हणून तिनेच माझं बंद केलं होतं, हे मला माहीत होतं. माहीत असून मी ते अद्रक मोजायचो.

आणि पट्टी काही पार जात नव्हती. टोकाला जायची आणि मागे यायची. रोज. माझ्या डोक्यात आलं की हा माणूस मुद्दामच ती पार जाऊ देत नाही. काम झालं तर येणार कशाला?

आता त्या बटणाचं.

आमच्या शेतातली मोटर एका वर्षी जळाली. बटण चालू राहिलं होतं, वीज आली ती उड्या मारत आली, आणि मोटरचं तांबं कोळसा झालं. ऐन उन्हाळ्यात आठ दिवस केळी सुकली. तेव्हापासून काम संपलं की मी भिंतीवरचं बटण बंद करतो. टीव्हीचं, मिक्सरचं, चार्जरचं. उठता उठता हात तिकडे जातो. पाहुण्यांच्या घरीसुद्धा केलंय.

कॉम्प्युटरचं मी तसंच करायचो. बायको एकदा म्हणाली, "मी शट डाऊन करं शे. भिंतीवरनं बटन राहू द्या. गुरुजी म्हनतस, ते चालू ऱ्हावू द्यावं."

गुरुजी म्हणतात. एवढं मला पुरलं. त्या दिवसापासून मी ते बटण जरा जोरात बंद करायला लागलो. आवाज आत जाईल असं.

ती गेली. तेराव्याला जेवणं उरकली, लोक पांगले, गुरुजी मात्र बसून राहिले. चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "दाजी, एक सांगू? डबा माले द्या. मी घर लई जासू. आठ दिवसमा आक्कानी गाणी काढी देसू."

मी म्हणालो, "कसाले? बायको मन्ही. डबा मन्हा. गाणी बी मन्हा घरनी."

"तसं नही दाजी..."

"तुम्ही दोन महिना बठनात. काय झायं?"

ते उठले. चप्पल घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला. पुढे ते आमच्या गल्लीने जायचे बंद झाले, मारुतीच्या मागून जायला लागले. पेन ड्राइव्ह डब्यातच राहिला होता. तो काढून परत द्यायला हवा होता. मी दिला नाही.

आषाढ निम्मा सरला. माझ्या चुलतभावाची सून दारात आली, पदर ओढून, उंबऱ्याच्या बाहेरच उभी. यंदा कानबाई त्यांच्या घरी बसणार होती.

"आबा, मोठी मायनी गाणी कथी शेतस? आम्हले निम्मी येतस. पुढे सुटी जातस. सकायमान आम्ही पाच जणी बठन्यात, एक बी गाणं पुरं झायं नही."

"डबामा शेतस."

"गुरुजीले सांगू का मंग?"

"नको," मी म्हणालो. "मी काढस."

ती पदर सावरून गेली. मी काढतो म्हणालो खरा. ज्याला एसटीची पाटी वाचता येत नाही, तो काढणार होता. कानबाईला महिनाही नव्हता. गाणी तिच्या तोंडात होती, ते तोंड गेलं. उरली ती त्या ठोकळ्यांत. आणि ठोकळ्यांवर मी साप बसावा तसा बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी तिच्या खुर्चीवर बसलो. खुर्चीत उशी होती, तिने जुन्या लुगड्याची शिवलेली. उशी काढून ठेवली. मग परत ठेवली.

बटण चालू केलं. डब्याचं बटण दाबलं. घरघर झाली, पडदा उजळला. आणि मला एक गोष्ट कळली, जी मला माहीत नव्हती. मला सगळं येत होतं.

दोन महिने मी खिडकीतून त्या माणसाचा हात पाहिला होता. तो हात कुठे जातो, तिच्या हातानंतर माऊसवर किती वेळ राहतो, याचा मी हिशेब ठेवत होतो. पाहताना कामही पाहिलं गेलं होतं. आधी इथे दोनदा टकटक. मग तिसरं पिवळं पाकीट. मग उजवं बटण, वरून चौथी ओळ, ती मालकाची. मग डावीकडे दाबायचं. मग खाली, खाली, खाली. इंग्रजी अक्षर मला एक कळत नव्हतं, पण जागा सगळ्या पाठ. प्रेमाने शिकवलं असतं तर मी शिकलो नसतो. जळण्याने शिकवलं.

तिच्या मोबाईलवरून नेट द्यायचं तेवढं अडलं. ते बटण ती स्वतः दाबायची, तेव्हा मी तिच्याकडे बघत नसायचो, गुरुजींकडे बघायचो. तीन दिवस त्यातच गेले. मोबाईलवरची सगळी चित्रं एकेक करून दाबली. चौथ्या दिवशी सापडलं.

पट्टी निघाली. मी माऊस सोडून हात मांडीवर ठेवले. पट्टी टोकाजवळ गेली. दोन बोटं उरली. चौकोन उघडला. पट्टी मागे.

मी परत केलं. परत मागे. आठ दिवस केलं. रोज चार ते सहा. शेवटी बटण बंद करायचो, जोरात नाही, नेहमीसारखं.

नवव्या दिवशी पट्टी मागे जात असताना मी पट्टीकडे पाहिलं नाही. तिचं मागे जाणं मला सहन होईना. म्हणून नजर खाली गेली, उजवीकडे, पडद्याच्या कोपऱ्यात. तिथे बारीक आकडे होते. त्या सगळ्या पडद्यावर मला वाचता येण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती, आणि मी ती आतापर्यंत वाचली नव्हती.

एक. एक. आणि पुढे साल.

जानेवारीची एक तारीख. बाहेर आषाढ ओसरत होता. आणि साल हे नाहीच, कितीतरी मागचं. मी बोटांवर मोजून पाहिलं. त्या साली आमच्या बोअरला पाणी लागलं होतं. तिचा हात तेव्हा स्थिर होता, ती सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची. जानेवारीत कापसाची शेवटची वेचणी चालू असणार. म्हणजे या डब्याच्या हिशेबाने ती आत्ता शेतात होती.

त्या आकड्यांच्या पुढे मला काही करावंसं वाटेना.

मग मला ती ट्रॉली आठवली.

कारखान्याची तोडणीची चिठ्ठी येते. तिच्यावर तारीख असते. त्या तारखेला ऊस गेटवर हवा. एका वर्षी आमचा ट्रॅक्टर वाटेत पंक्चर झाला, जॅक नाही, माणूस नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी गेटवर पोचलो. गेटवरच्या माणसाने ऊस पाहिलाच नाही. ऊस असा होता की मोडला तर रस उडेल. त्याने चिठ्ठी पाहिली, तारीख पाहिली आणि हात हलवला, मागे घ्या. मी भांडलो. तो म्हणाला, "भाऊ, ऊस चांगला असेल. चिठ्ठी आजची नाही." भरलेली ट्रॉली मागे.

पट्टी टोकापर्यंत जाते, म्हणजे ऊस चांगला आहे. टोकाला गेट आहे. गेटवर कोणीतरी चिठ्ठी बघतो. चिठ्ठीवर तारीख चुकलेली.

आणि तारीख चुकते का? मी ते तपासलं. डबा तिच्यासारखा शट डाऊन केला, भिंतीवरचं बटण चालूच ठेवलं, हात मागे धरून. तासाने डबा लावला. घड्याळ पुढे सरकलेलं, बरोबर तासाने. मग शट डाऊन करून भिंतीवरचं बटण बंद केलं, परत चालू केलं, डबा लावला. एक, एक आणि तेच जुनं साल. घड्याळात रात्रीचे बारा.

मी होतो. रोज संध्याकाळी मीच तारीख मागे नेत होतो. दोन महिने ती थरथरत्या हाताने ट्रॉली गेटपर्यंत नेत होती आणि मी चिठ्ठी फाडून टाकत होतो. शेवटच्या दिवशीसुद्धा. तिच्यासमोर. आणि तिने विचारलं होतं, केलं ना बंद?

तारीख कशी बदलायची ते मला येत नव्हतं. ते मी खिडकीतून पाहिलेलं नव्हतं. म्हणून चप्पल घातली आणि गुरुजींच्या घरी गेलो. मारुतीच्या मागून नाही, समोरून.

ते ओट्यावर डोळ्यात औषध टाकून आडवे होते. पावलांवरून ओळखलं असावं. "दाजी? बठा."

"बठाले नही उनू," मी म्हणालो. "भिंतीवरनं बटन मी बंद करस. रोज. पहिलापासून."

ते उठून बसले. औषधाचं पाणी गालावर आलं होतं. मी कोपऱ्यातल्या तारखेचं सांगितलं. ट्रॉलीचं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"डबामा एक सेल ऱ्हास दाजी, रुपयाना नाणासारखा. तो मरी गया व्हई. मंग वीज तुटनी का तारीख मांगे जास. मी मास्तर, मी पट्टीच देखत बसनू. कोपरामा देखंच नही." मग गालावरचं औषध पुसलं. "आक्काले मी तीनदा इचारं व्हतं. बटन कोन बंद करस? ती म्हने, कोनी नही. आमनी गल्लीमा लाईट जास."

आमच्या गल्लीत लाईट जाते. ते पलीकडच्याच गल्लीत राहतात, त्यांची लाईट त्याच तारेवर.

"अन तुम्ही मानं?" मी विचारलं.

"आक्का म्हननी, मंग मानं."

खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं. ती त्यांच्याशी खोटं बोलली होती, माझ्यासाठी. अडाणी नवरा सांगून ऐकत नाही हे तिने त्यांना कळू दिलं नव्हतं. चिंच त्यांची असेल, पण हे खोटं माझं होतं. एवढा आनंद मला झाला. लाज नंतर आली, घरी येताना, त्यांचा हात धरून त्यांना गटार ओलांडवताना.

कारण ते चालताना म्हणाले, "मन्हा गावनी ती एकलीच व्हती आठे. आते गावनं मी कोनासंगे बोलू?"

मी म्हणालो, "पाय उचला, दगड शे."

स्टुलावर ते बसले, खुर्चीवर मी. मीच म्हणालो खुर्चीवर बसा, ते नाही म्हणाले. त्यांनी माझा हात माऊसवर ठेवला आणि कोपऱ्यात नेला. उजवं बटण. खालून दुसरी ओळ. मग साल, मग महिना, मग दिवस. मी नीट पाहून घेतलं. जुन्या सालावरून आकडा एकेक चढत होता. मी बोट थांबवलं नाही, थांबवलं असतं तर कुठेतरी अडलो असतो. आजची तारीख लागली.

मग पट्टी. टोकाजवळ गेली. दोन बोटं उरली. आम्ही दोघंही कोपऱ्याकडे बघत होतो. पट्टी पार गेली. चौकोन आला, पण वेगळा, आणि गुरुजी म्हणाले, "झायं."

तिचं पाकीट उघडलं. ठोकळे गेले होते. अक्षरं होती, काळी, एकसष्ट गाण्यांची.

गुरुजींनी चष्मा सावरला आणि वाचायला तोंड उघडलं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांबा. मी वाचस."

ते थांबले. मी पहिलं जे दिसलं ते धरलं. अक्षराला बोट लावून. एक ओळ वाचायला केवढा वेळ लागला, ते मध्ये एकदाही बोलले नाहीत, आणि मास्तर माणसाला ते किती अवघड असतं ते मी त्यांच्या गुडघ्यावरून ओळखलं, गुडघा हलत होता.

मी लावू दिवा, धनी इझाडे,
अंधारामा मंग मन्हं नाव इचारे.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा अर्थ लागला: ती दिवा लावते, धनी विझवतो. गुरुजींना आधीच लागला होता, ते खोकल्यासारखं करत होते. हे ती दरवर्षी कानबाईपुढे म्हणायची. ओट्यावर मी बसलेला असायचो आणि आतल्या बायका पोट धरून हसायच्या, आणि मला वाटायचं दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याचं असेल.

"तुम्हले माहीत व्हतं?" मी विचारलं.

"बायकासनं गाणं दाजी. ती मन्हासमोर लिखे, पन वाचाले नही दे."

मला ते पटलं. पटवून घेतलं.

जाताना गुरुजी म्हणाले, सेल शहाद्याला कुठेही मिळतो, लहानसाच असतो, पुढच्या खेपेला आणून बसवू, म्हणजे तारीख मागे जाणार नाही. तारीख चुकली की हा प्रोग्राम उघडणार नाही, परत ठोकळेच दिसतील. मी म्हणालो, "राहू द्या. माले तारीख टाकता येस आते."

ते गेले. मी डबा शट डाऊन केला आणि उठलो. हात बटणाकडे गेला. या वेळी मला माहीत होतं बंद केल्यावर काय होणार. बंद केलं.

सकाळी अंघोळ करून मी बटण चालू केलं. कपात चहा घेऊन खुर्चीवर बसलो. कोपऱ्यात एक, एक आणि ते साल आलं होतं, बोअरला पाणी लागलं ते. चहा संपेपर्यंत मी ते राहू दिलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहून साल बदललं, महिना बदलला, आजचा दिवस टाकला. गाणी उघडली. अक्षरं आली. चुलतभावाच्या सुनेला हाक मारून सांगितलं की वही घेऊन ये, पेनही आण. मग गुरुजींना बोलावणं पाठवलं आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला.

घरात अद्रक होतं. टाकलं नाही.